सत्कार शिक्षकांचा, धावपळही शिक्षकांचीच?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. यंदा शाळेतल्या सगळ्या शिक्षकांसाठी कृतज्ञता समारंभ करायचं ठरलंय आणि पालक प्रतिनिधी म्हणून ती जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे. शाळेनं दिवस आणि सभागृह दिलं, बाकी सगळं पालकांवर सोडलं. पालकांच्या ग्रुपवर दोन तट पडले आहेत. एका गटाला जंगी कार्यक्रम हवाय : मंच, सजावट, मुलांचे नाच, प्रत्येकाला भेटवस्तू आणि मतदान घेऊन ‘सर्वोत्कृष्ट शिक्षक’ असा पुरस्कार. दुसऱ्या गटाचं म्हणणं, ‘पगार घेतात, काम करतात, सत्कार कशाला?’ वर्गणी काढली तर काही घरांना जड जाईल हे मला दिसतंय. त्यात आणखी एक अडचण. मुलीच्या वर्गशिक्षिका काही दिवसांपूर्वी तिला सगळ्या वर्गासमोर असं काही बोलल्या, की ती शाळेत जायलाच तयार होईना. तेव्हा मी गप्प बसले. आता त्यांच्याच कौतुकाचं सूत्रसंचालन मी करायचं? मला ते ढोंग वाटतं. जबाबदारी सोडली तर लोक काय म्हणतील? आणि कार्यक्रम साधा ठेवला तर शिक्षकांचा अपमान तर होणार नाही ना?

उत्तर :

तुमच्या पत्रात मंच आहे, सजावट आहे, वर्गणी आहे, भांडणारे पालक आहेत. शिक्षक मात्र कुठेच बोलताना दिसत नाहीत. ज्यांच्यासाठी एवढा घाट घातलाय, त्यांना काय आवडेल आणि काय झेपेल हे कुणी विचारलंय का? तुम्हाला दोष देत नाही. अशा कार्यक्रमांची सुरुवात बहुतेक ठिकाणी अशीच होते. कुणीतरी ग्रुपवर एक फोटो टाकतं, ‘आपणही असं करूया’ म्हणतं, तासाभरात त्याखाली अंगठ्यांची रांग लागते आणि मग माघार घेणं अवघड होऊन बसतं.

मी बरीच वर्षं शिकवलं. त्यामुळे असे समारंभ खुर्चीत बसूनही पाहिलेत आणि दारात उभं राहूनही. दारात उभं राहूनच जास्त. जंगी कार्यक्रम म्हणजे प्रत्यक्षात काय, ते त्या दारातून फार स्पष्ट दिसतं. मुलांचे नाच बसवायचे तर तालमींना तास लागतात. ते तास कुणाचे जातात? ज्यांचा सत्कार आहे त्यांचेच. तालमींमुळे मागे पडलेला धडा नंतर घाईघाईनं कोण भरून काढतं? तेच. कार्यक्रमाच्या दिवशी मुलांच्या रांगा लावणं, कपडे बदलायच्या खोलीबाहेर थांबणं, ‘बाई, माझी टिकली हरवली’ म्हणून रडणारीची समजूत काढणं, हेही त्यांच्याकडेच. मला एक दृश्य पक्कं आठवतं. सत्कारमूर्ती शिक्षिका सभागृहाच्या कडेला उभ्या, एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्या हातात हजेरीपट, मान मंचाकडे आणि डोळे जिन्याकडे. कारण शेवटच्या रांगेतली तीन पोरं पाणी प्यायला म्हणून गेली होती ती परतली नव्हती. मंचावर नेमकं त्याच वेळी कुणीतरी त्यांच्या त्यागाबद्दल बोलत होतं.

म्हणजे कार्यक्रम जितका मोठा तितका मान मोठा, हे आधी तपासून पाहायला हवं. कार्यक्रम मोठा झाला की शिक्षकांचं काम वाढतं, एवढं मात्र नक्की. साधेपणानं कुणाचा अपमान होत नाही. अपमान वाटतो तो आपल्याला गृहीत धरलं, वेळेची किंमत केली नाही, किंवा एकाला मिरवलं आणि दुसऱ्याचं नावच घ्यायचं राहिलं, तर.

ग्रुपवर वाद वाढला तर सांगायला एक गोष्ट हाताशी असू द्या. जागतिक शिक्षक दिन 5 ऑक्टोबरला असतो आणि तो 1994 पासून पाळला जातो. ही तारीख कुण्या थोर शिक्षकाच्या जन्मदिवसाची नाही. 5 ऑक्टोबर 1966 रोजी युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या पुढाकारानं पॅरिसमध्ये शिक्षकांच्या दर्जाविषयीचा एक शिफारस-दस्तऐवज मंजूर झाला, त्याची ती तारीख. त्यात फुलं, भेटी, सत्कार वगैरे काही नाही. पगार आहे, कामाचे तास आहेत, वर्गातली पटसंख्या आहे, रजा आहेत. आणि एक साधं म्हणणं आहे, की शिक्षक हे मोलाचे तज्ज्ञ आहेत, तेव्हा त्यांच्या कामाची आखणी अशी हवी की त्यांचा वेळ आणि शक्ती वाया जाऊ नये. माझ्या मते कृतज्ञता समारंभ आखताना एवढी एक कसोटी पुरते. या कार्यक्रमामुळे शिक्षकांचा वेळ वाचणार आहे की जाणार आहे? तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट या प्रश्नावर घासून पाहा. बऱ्याच गोष्टी आपोआप गळतील आणि तुम्हाला कुणाशी भांडावं लागणार नाही.

आता विचारायचं कसं, ते सांगते. ‘तुम्हाला काय आवडेल?’ असं तोंडावर विचारलंत, तर उत्तर ठरलेलं आहे : ‘अहो कशाला, काही नको.’ संकोच असतो आणि काही मागितलं असं दिसायलाही नको असतं. म्हणून पर्याय द्या. मुख्याध्यापकांशी बोलून शिक्षक खोलीत एक छोटी चिठ्ठी फिरवा, नाव न लिहिता खूण करायची. वेळ कोणती सोयीची : मधल्या सुट्टीत, शेवटच्या दोन तासांत, की शाळा सुटल्यावर? काय आवडेल : निवांत एकत्र जेवण, थोडा मोकळा वेळ, मुलांचा छोटा कार्यक्रम, की शिक्षक खोलीसाठी उपयोगाची एखादी वस्तू? खाली एक ओळ रिकामी सोडा : ‘हे मात्र नको’. त्या ओळीत सगळ्यात जास्त माहिती मिळेल, लिहून ठेवा. कुणाला मंचावर जायला आवडत नाही, कुणाला नाचायचा आग्रह नको असतो, कुणाला आपला व्हिडिओ कुठे टाकलेला चालत नाही. कुणाचं खाण्याचं पथ्य असतं.

शाळा सुटल्यानंतरची वेळ ठेवायच्या आधी मात्र चारदा विचार करा. पालकांना ती सोयीची वाटते, कारण आपण कामावरून तिकडे येऊ शकतो. शिक्षकांच्या घरीही मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, शेवटची बस असते. परीक्षा आणि पेपर तपासणीचे आठवडेही टाळा. शाळेनं दिलेला दिवस त्यातच येत असेल, तर तो बदलून मागायला काहीच हरकत नाही. शाळा बहुधा आनंदानं बदलून देईल.

पालक देऊ शकतील अशी सगळ्यात चांगली भेट कोणती असं मला विचाराल, तर मी म्हणेन दीड तास. खरोखरचा, मोकळा, कुणी हाक न मारणारा दीड तास. त्या वेळात मुलं पालकांनी सांभाळायची आणि शिक्षकांनी बसून गरम असतानाच जेवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण नीट आखावं लागतं. शाळेच्या वेळेत मुलांची जबाबदारी शाळेची असते, ती पालकांवर ढकलून सगळे शिक्षक एका खोलीत जाऊन बसले असं शाळेला करता येत नाही आणि करूही नये. म्हणून दोन पाळ्या करा. अर्धे शिक्षक आधी, अर्धे नंतर. प्रत्येक मजल्यावर किमान एक शिक्षक कायम असावा आणि प्रत्येक वर्गात दोन पालक, एकटा पालक नको. कोण पालक कुठल्या वर्गात असेल याची यादी आदल्या दिवशी शाळेला द्या आणि आत येताना नोंदवहीत सही करा. आपल्याच मुलाच्या वर्गावर जाऊ नका. स्वतःचं मूल समोर असलं की आपण एकतर त्याच्याकडेच बघत राहतो, नाहीतर त्याला उगाच दटावतो. वर्गात जाऊन करायचं काय हेही आधी ठरवा : गोष्ट वाचून दाखवणं, कोडी, चित्रं. ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ असं ठेवलंत, तर पंधरा मिनिटांत शेजारच्या वर्गातून शिक्षिका उठून येतील आणि तुमचा दीड तास संपला. यात एक फायदा असा, की चाळीस मुलांसमोर एकदा उभं राहिलेला पालक पुन्हा ग्रुपवर ‘एवढंसं तर काम असतं’ असं लिहीत नाही.

पत्रांबद्दल थोडं सविस्तर लिहायचंय, कारण बाकी काही जमलं नाही आणि एवढं जमलं तरी तुमचा कार्यक्रम झाला असं मी समजेन.

मुलांना ‘बाईंसाठी काहीतरी छान लिहा’ सांगितलं, की सगळी मुलं एकच वाक्य लिहितात : तुम्ही खूप छान शिकवता, तुम्ही मला खूप आवडता. मुलं खोटं लिहीत नाहीत. प्रश्नच मोघम, म्हणून उत्तरही मोघम. त्याऐवजी नेमकं विचारा. या वर्षी अशी कोणती गोष्ट आहे जी आधी जमत नव्हती आणि आता जमते? ती जमायला लागली तेव्हा सरांनी किंवा बाईंनी काय केलं होतं? त्यांचं कुठलं वाक्य तू घरी येऊन सांगितलंस? मग कागदावर काय येतं बघा. ‘मी पाढा चुकलो तरी तुम्ही खाली बस म्हणाला नाहीत, परत म्हण म्हणालात.’ अशा एका ओळीला कुठलीही भेटवस्तू पुरी पडत नाही. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं आणि घरच्यांनी उतरवून घ्यायचं, पण मुलाच्याच शब्दांत. व्याकरण सुधारायचा मोह आवरा. सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून घ्यायचा तर अजिबातच नको. खाडाखोड असू द्या.

पालकांनीही एकेक चिठ्ठी लिहावी. इथे बरेच जण अडतात. काय लिहू, कसं लिहू, त्यांना उगाच अवघडल्यासारखं होईल. याचा अभ्यास झाला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला सांगितली, वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला आणि मग वाचणाऱ्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांचे अंदाज चुकले. वाचणाऱ्याला होणारा आनंद त्यांनी कमी धरला होता आणि वाचणाऱ्याला किती अवघडल्यासारखं होईल, ते जास्त धरलं होतं. लिहिणारा आपली भाषा बरी आहे ना या काळजीत असतो, वाचणाऱ्याला त्यातला जिव्हाळा दिसतो. तेव्हा ‘मला नीट लिहिता येत नाही’ म्हणणाऱ्या पालकांना हे सांगा आणि चार ओळींवर समाधान माना.

पण पत्रांचं वाटप तुम्हाला नीट बघावं लागेल, नाहीतर तिथेच घोळ होतो. मुलांना मोकळं सोडलं तर लाडक्या बाईंना पत्रांचा ढीग पडतो आणि आठवड्यातून दोनच तास येणाऱ्या शिक्षकांना एकही नाही. शिस्तीच्या गणिताच्या सरांना तीन, त्यातही एक धाकानं लिहिलेलं. म्हणून आधी शाळेकडून पूर्ण यादी घ्या. चित्रकला, खेळ, संगीत, संगणक, ग्रंथालय, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी येणारे शिक्षक, बदली शिक्षक, यंदाच रुजू झालेले, दीर्घ रजेवर असलेले. कार्यालयातले कर्मचारी, शिपाई, सफाई करणारे, स्कूलबसचे चालक हेही त्यात हवेत. ‘हा शिक्षकांचा कार्यक्रम आहे’ असं कुणी म्हणेलच. म्हणू द्या. सकाळी फाटक उघडणाऱ्या माणसाला मुलं नावानं ओळखतात, मुलांना तो शिक्षक आहे की नाही याच्याशी घेणंदेणं नसतं. मग वर्गवार वाटणी करा : या वर्गानं यांना, त्या वर्गानं त्यांना, शिवाय ज्याला आणखी कुणाला लिहायचंय त्यानं खुशाल लिहावं. पाकिटं भरताना कुणाचं पाकीट अगदीच हलकं आहे का बघा. असेल तर जुन्या विद्यार्थ्यांना गाठा. शाळा सोडून गेलेल्या मुलाचं पत्र शिक्षकाला वेगळंच वाटतं. त्याला आता गुणांची गरज उरलेली नसते.

आणि ही पत्रं मंचावर वाचून दाखवू नका. घरी जाऊन एकट्यानं वाचायची गोष्ट आहे ती.

‘सर्वोत्कृष्ट शिक्षक’ पुरस्काराबद्दल माझं मत सरळ आहे : नको. मुलांच्या मतदानात लोकप्रियता मोजली जाते, पालकांच्या मतदानात ओळखीपाळखी. जिंकलेल्या एकाला अवघडल्यासारखं होतं आणि उरलेल्या सगळ्यांना आपण हरलो हे एका स्पर्धेतून कळतं, ज्यात त्यांनी भागच घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांना एकाच खोलीत बसून काम करायचं असतं. प्रत्येकाला वेगळा गमतीदार किताब द्यायची टूम निघते, तीही जपून. ‘सर्वात कडक’ हा किताब देणाऱ्याला विनोद वाटतो, घेणारा मात्र तो मनात घेऊन घरी जातो.

भेटवस्तूंचं म्हणाल तर आधी शाळेचा नियम विचारा. बऱ्याच ठिकाणी शिक्षकांनी भेटी घेण्यावर बंधनं असतात आणि ती असावीत. दक्षिण कोरियात 2016 मध्ये लाचविरोधी कायदा लागू झाल्यावर एकेकट्या विद्यार्थ्यानं आपल्या शिक्षकाला शिक्षक दिनी फूल देणंही नियमात बसेना, विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीनं सगळ्यांदेखत दिलं तर चालतं. टोकाचं वाटेल. पण त्यामागचा विचार खोटा नाही : ज्याच्या हाती मुलाचे गुण आहेत, त्याला त्या मुलाच्या घरून एकट्याची भेट जाऊ नये. तुम्हीही भेट द्यायचीच तर सगळ्यांची मिळून, सगळ्यांना सारखी आणि उघड द्या. शिवाय अशी द्या की जी घरी न्यावी लागणार नाही. नाव छापलेले कप, फोटोच्या चौकटी, शोभेच्या वस्तू यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. बसमध्ये उभं राहून, खांद्यावर वह्यांचं ओझं आणि हातात चौकट घेऊन एकदा घरी जाऊन बघा. शिक्षक खोलीला काय हवंय ते विचारा. बंद पडलेला पंखा, पाणी गरम करायची किटली, एक बरी खुर्ची, छपाईच्या कागदाचे गठ्ठे. दिसायला रूक्ष, पण रोज हाताला लागणारं.

वर्गणीची पद्धत उलटी करा. आधी खर्च ठरवून तो घरटी वाटायचा आणि मग वसुली करायची, यात अडचणीतल्या घराला ‘नाही’ म्हणायला जागाच उरत नाही. आधी एक बंद पेटी ठेवा. बिननावाच्या पाकिटात ज्याला जे जमेल ते, रिकामं पाकीटही चालेल. जे जमेल त्यात कार्यक्रम बसवा. आणि ग्रुपवर ‘भरले’ अशी नावापुढे खूण करत जाणारी ती यादी कृपा करून सुरू करू नका. तिच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. खूण नसलेली नावं सगळ्यांना दिसतात आणि ती मुलांपर्यंत पोचतात. ऑनलाइन पैसे घ्यावे लागले तर हिशेब एका माणसाकडे असावा, नावं त्याच्या वहीतच राहावीत. ज्यांना पैसे जमत नाहीत ते वर्गावर थांबतील, खुर्च्या लावतील, पत्रं गोळा करतील. ती मदत दुय्यम नाही, तुम्हीही ती दुय्यम समजल्याचं दाखवू नका. शुभेच्छापत्रावर मात्र प्रत्येक मुलाचं नाव हवं, घरून काही आलं असो वा नसो.

‘पगार घेतात, सत्कार कशाला’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. आभार मानून पगार भरून निघत नाही. एक दिवस फुलं देऊन वर्षभर रात्री अकरा वाजता मेसेज पाठवायची मुभाही मिळत नाही. त्यांना विचारा, ठीक आहे, सत्कार नको, मग शिक्षकांचं काम हलकं होईल असं काय करूया? वर्षभर संध्याकाळनंतर शिक्षकांना मेसेज करायचा नाही असं ग्रुपनं ठरवलं, तर तो माझ्या दृष्टीनं मोठाच सत्कार आहे. कदाचित हाच गट त्याला आधी हो म्हणेल.

आता तुमच्या मनातलं. खरं पत्र तुम्ही त्यासाठीच लिहिलंय असं मला वाटतं.

वर्गशिक्षिका मुलीला सगळ्यांसमोर बोलल्या, तिला ते लागलं आणि तुम्ही गप्प राहिलात. गप्प राहण्याची कारणं असतील. मुलीलाच त्रास होईल ही भीती बहुतेक पालकांना असते. पण ती गोष्ट संपलेली नाही आणि हे ढोंग तुम्हाला टोचतंय ते त्यामुळेच. बाईंचं कौतुक करायला तुमची तेवढी अडचण नसावी, न बोललेलं मनात ठेवून कौतुक करायची अडचण आहे. तेव्हा कार्यक्रमाच्या बरंच आधी त्यांची वेळ मागा आणि भेटा. ग्रुपवर नाही, मेसेजवर नाही, वर्गाच्या दारात घाईत नाही. मुलगी बरोबर नको. काय झालं ते तुम्हाला मुलीकडून कळलंय, म्हणजे एका बाजूनं कळलंय, हे लक्षात ठेवून सुरुवात करा : ‘त्या दिवशी वर्गात काय झालं ते मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय. त्यानंतर ती शाळेत यायला तयार नव्हती.’ मग थांबा. त्यांना बोलू द्या. कदाचित त्यांना त्यातलं काही आठवणारही नाही आणि तुम्हाला त्याचा राग येईल. कदाचित त्या तुम्हाला मुलीबद्दल असं काही सांगतील जे तुम्हाला माहीत नाही. काहीही झालं तरी शेवटी एवढं मागा, की तिला काही सांगायचं असेल तर बाजूला घेऊन सांगा. ही मागणी रास्त आहे आणि तुम्ही ती नम्रपणे, तरीही ठामपणे करू शकता. त्यांनी मुलीचा अपमान होईल असंच काही केलं होतं आणि पुढेही करत असतील, तर मग मुख्याध्यापकांकडे लेखी जा. समारंभाचं संयोजन तुमच्याकडे आहे म्हणून तक्रार करायचा तुमचा हक्क कमी होत नाही. उलट, आपण समारंभ केला म्हणून आता त्या मुलीशी गोड वागतील, असा हिशेब मनात आला तर तो तिथेच खोडा. त्याला मग कृतज्ञता म्हणता येत नाही.

भेटीतून काही निष्पन्न झालं नाही, तरी तुम्ही संयोजन करू शकता. कृतज्ञता म्हणजे प्रत्येक शिक्षकाला प्रमाणपत्र देणं नव्हे. सगळ्यांसाठी जेवणाची सोय करायची, पत्रं नीट पोचवायची, पाळ्या सांभाळायच्या, यात तुम्ही कुठेही खोटं बोलत नाही. वर्गशिक्षिकांना तुम्ही स्वतः चिठ्ठी लिहिलीच पाहिजे असं नाही. लिहावीशी वाटली तर जे खरं आहे तेवढंच लिहा, एखादी ओळसुद्धा चालेल. ‘तिच्या निबंधांवर तुम्ही प्रत्येक वेळी शेरा लिहिता, ती ते सगळे वाचते.’ मुलीनं काय लिहावं हे मात्र तिलाच ठरवू द्या. तिनं दुसऱ्याच शिक्षकांना लिहिलं, तरी तिला टोकू नका. आणि सूत्रसंचालन तुम्हीच करायला हवं असं कुठे लिहिलंय? संयोजन करणारा आणि माईक धरणारा एकच असावा लागत नाही. ज्याला हौस आहे त्याला द्या. प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतोच.

लोक काय म्हणतील, याचं उत्तर मी देत नाही. लोक तसेही म्हणणारच आहेत, मंच असला तरी आणि नसला तरी.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल फार लिहायला नको. औपचारिक भाग पाऊण तासाच्या आत आटपा. बोलणारे दोनच : एक पालक, एक विद्यार्थी, दोघंही थोडक्यात. शिक्षकांना मंचावर ओळीनं बसवू नका, तिथे ना हसता येतं ना जांभई देता येते. खाली, एकमेकांशी बोलता येईल असं बसवा. मुलांना काही करून दाखवायचं असेल तर एखादं गाणं पुरे, तेही तालमीसाठी तास न घेता येत असलेलं. जंगी गटातल्या सजावटीची हौस असलेल्या लोकांना शिक्षक खोली सजवायला द्या. मोठं सभागृह भरण्यापेक्षा ती खोली सजवणं सोपं आहे आणि त्यांचा उत्साहही वाया जात नाही. फोटो काढा, पण बाहेर टाकायच्या आधी शाळेला विचारा, मुलांचे चेहरे असतील तर नक्कीच. नंतरची आवराआवर पालकांची. शेवटची खुर्ची जागेवर जाईपर्यंत दोघा-तिघांनी थांबायचं हे आधीच नावांनिशी ठरवा, नाहीतर ती शिपायांवर पडते आणि ज्यांचे आभार मानले त्यांनाच रात्र होते.

हिशेब चार-पाच दिवसांत ग्रुपवर टाका, एकूण जमा आणि एकूण खर्च, नावं नकोत. काही शिल्लक राहिली तर ती परत वाटत बसू नका. मुख्याध्यापकांना विचारून शिक्षक खोलीच्या गरजेला द्या. आणि शाळेकडून घेतलेली ती पूर्ण यादी, चिठ्ठ्यांमधल्या ‘हे मात्र नको’च्या नोंदींसकट, पुढच्या पालक प्रतिनिधीच्या हाती सोपवा.